एका मशीनवर दोन चुली

अंधेरीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला आवडायची नाही, कारण ती सगळ्यांना आवडायची.

आमच्या डेटाबेसची नवी आवृत्ती आणायची होती. मागच्या वेळी जुनी काढून नवी बसवली. नवी चालेना, आणि परतायला जुनी उरली नव्हती. म्हणून मी सुचवलं, ज्या पॅकेजमधून ती मशीनवर बसवतात, त्याच्या नावातच आवृत्तीचा आकडा घालू. म्हणजे मशीन त्यांना वेगवेगळ्या समजेल, दोन्ही एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहतील आणि एकेक काम सवडीने नवीवर हलवता येईल. तीन पानी मेल, स्वच्छ इंग्रजीत. कुणाचं उत्तर आलं नाही.

मीटिंगमध्ये ती म्हणाली, "सर, एका घरात दोन चुली मांडू ना. नवीवर भात नीट शिजला की मगच जुनी विझवायची. हिच्या मेलमध्ये आहे बघा सगळं."

"झकास!" सर हसले. "मग तूच कर."

तिने श्रेय मला दिलं होतं, तरी काम तिला मिळालं. चूल हा शब्द मला सुचलाच नसता. मी खाली बघत वहीत रेघा ओढत राहिले.

आठवड्याने तिने बनवलेली पॅकेजेस तपासायला माझ्याकडे आली. दोन्ही आवृत्त्या आपली सेटिंग्ज एकाच फोल्डरमध्ये ठेवत होत्या. जुनी काढली की नवीचीही सेटिंग्ज पुसली गेली असती. मला पाच मिनिटांत दिसलं. मी दोन दिवस गप्प बसले. सगळ्यांसमोर तोंडावर पडू दे तिला, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "काय गं, बघितलंस ना? आज जुनी काढून बघते. तू बघितलंस म्हणजे मला टेन्शन नाही."

मी फोल्डरवर बोट ठेवलं.

"अगं बाई! वाट लागली असती माझी!" ती तिथूनच ओरडली, "सर, मी माती खाल्ली होती, हिने पकडलं. हे काम हिलाच द्या. मी हिच्या हाताखाली करते."

सरांनी मान डोलावली. मला हवं होतं ते मिळालं. ती मात्र चुकीवर स्वतःच हसत चहाला निघाली. "चल ना गं," म्हणाली. मी काम आहे म्हणून सांगितलं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. दोन दिवस आधीच मला ते दिसलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिने मला केव्हाच सांगून टाकलं असतं.