डॅनी काय म्हणाला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा थकलोय, एवढंच. लपवून ठेवायलाही अंगात बळ लागतं, ते आता पुरत नाही.

सिनेमापासून सुरुवात करतो. तिथून जरा सोपं जाईल.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी तळेगावचा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि लोणावळ्याला एका खाजगी कचेरीत कारकुनी करत होतो. कचेरीची जीप सारखी बिघडायची आणि कामशेतला किसनकडे जायची, त्यातून आमची ओळख. किसन वडिवळ्याचा. घरी भातशेती होती, ती भाऊ बघायचे. याने मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलं होतं. लग्न झालेलं. बायको पार्वती, एक मुलगी — तेव्हा रांगत होती.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही पुण्याला जायचो. कॅम्पातल्या एका थेटरात इंग्रजी मॅटिनी लागायची. त्या काळात अमेरिकेहून एका धाटणीचे सिनेमे यायचे. आपल्याकडे पोचेपर्यंत रिळं घासलेली, मधेमधे सेन्सॉरने कात्री लावलेली. पण गोष्ट साधारण तीच असायची. लांब केसांची पोरं घर सोडतात, मोटरसायकल नाहीतर खटारा गाडी घेतात आणि निघतात. कुठे जायचंय ते त्यांनाही माहीत नसतं. दोन्ही बाजूंना मोकळं माळरान, मधून सरळ रस्ता. डोंगरांच्या कोंदणात वाढलेल्या किसनला त्या रस्त्याचं वेडच लागलं. इतकं लांबवर बघता येतं, हेच त्याला नवल वाटायचं.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. मी शेजारी बसून कानात सांगायचो. आणि इथे पहिली कबुली, त्यातल्या त्यात लहान — मलाही काही कळत नव्हतं. पुस्तकातलं इंग्रजी मला वाचता यायचं. पडद्यावरची ती माणसं तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायची, देव जाणे. पण आजूबाजूचे लोक मान वळवून माझ्याकडे बघायचे, किसन जिवाचा कान करून ऐकायचा — मग मी रचायला लागलो. 'तो म्हणतोय, मी कुणाचा नोकर नाही.' 'ती म्हणतेय, मागे वळून बघू नकोस.' 'तो म्हणतोय, जिथे गाडी थांबेल तिथे माझं गाव.'

माझीच वाक्यं ती. किसन ती पाठ करायचा. गॅरेजमध्ये नट पिळताना पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा.

पुढे कित्येक वर्षांनी त्यातला एक सिनेमा माझ्या मुलीने घरी लावला, खाली अक्षरं येत होती. शेकोटीपाशी बसून नायक बराच वेळ बोलतो, तो प्रसंग आला. मी तेव्हा किसनला सांगितलं होतं की तो आभाळाखाली झोपण्यातलं सुख सांगतोय. तो सांगत होता की निघाल्यापासून त्याला धड झोप लागलेली नाही. बापाचं दुकान विकलं गेलं, आता परतायला दारच उरलं नाही, आणि पुढेही काही दिसत नाही. सगळा सिनेमा तसाच होता. दमलेल्या, भ्रमनिरास झालेल्या माणसांचा. आम्ही दोघांनी दुसराच पाहिला होता. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला बरं नाही वाटत का? मी म्हणालो, ॲसिडिटी.

तर — आम्हीही निघायचं ठरलं. आधी बोललो मीच. किसनने मिलिटरीच्या लिलावातून एक जुनी मोटरसायकल उचलून आणली होती, तिच्यावर तो महिनोन्‌महिने राबत होता. मी ऐटीत म्हणालो, ही सुरू झाली की उत्तरेला जाऊ, हिमालयापर्यंत. मी ते कधी गंभीरपणे घेतलं होतं का? नाही. सिनेमा सुटल्यावर चहा पिताना माणूस बोलतो तसं बोललो होतो. पण त्याने ते मनावर घेतलं. भावांना सांगून मोकळा झाला. पार्वतीलाही सांगितलं असावं, कारण ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

आणि मोटरसायकल सुरू झाली.

तोवर माझं लग्न ठरलं होतं. रेल्वेत नोकरी लागायची चिन्हं होती. किसन भेटला की विचारायचा, "कवा निघायचं?" मी म्हणायचो, पाऊस उघडू दे. पाऊस उघडला. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. दिवाळीही झाली. 'मला यायचं नाही, मी घाबरलो' — एवढं वाक्य बोलायला काय लागतं? मला ते जमलं नाही. ज्याने दर रविवारी त्याच्या कानात इतकी मोठी वाक्यं ओतली, त्याने आता हे बोलायचं कसं?

अशात डॅनी आला.

त्या वर्षांत कार्ल्याच्या लेण्यांकडे, लोणावळ्याकडे असे परदेशी पोरगे दिसायचे. अनवाणी, गळ्यात माळा, आपले लोक त्यांना हिप्पी म्हणायचे. डॅनी अमेरिकेचा. वय विशीच्या आत-बाहेर. त्याची रंगवलेली जुनी व्हॅन कामशेतजवळ बंद पडली आणि लोकांनी ती ढकलत किसनच्या शेडपर्यंत आणली. किसनने मला बोलावणं धाडलं. हा सिनेमातला माणूस खुद्द त्याच्या दारात उतरला होता.

मी गेलो तेव्हा डॅनी शेडमध्ये बाजेवर पडलेला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. अंगात ताप. पार्वती त्याच्यासाठी भाताची पेज घेऊन आली होती आणि दाराशी उभी होती. किसन हात पुसत म्हणाला, "ह्यो आमचा दोस्त. ह्याला समदं इंग्लिश येतं." मग मला म्हणाला, "इचार त्याला. कुटं चाललाय, कसा ऱ्हातोय, समदं इचार."

डॅनीने माझं मनगट धरलं. आणि तो बोलला — सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जसं आपण परक्या मुलखात बोलतो तसं. सिनेमातलं मला कधी कळलं नव्हतं. हे सगळं कळलं. हे नीट ऐका, मी पळवाट ठेवू इच्छित नाही. एकही शब्द सुटला नाही.

तो म्हणाला, मला घरी जायचंय. मी फार आजारी आहे, मला गाडी चालवता येत नाही. या माणसाला सांग, मला मुंबईला नेऊन सोड, तिथे आमच्या देशाची कचेरी आहे, ते मला आईकडे पाठवतील. ही व्हॅन त्याने ठेवून घ्यावी. आईचं, गावाचं नाव त्याने सांगितलं. घर हा शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. होम, होम. रडत होता.

"काय म्हनतोय?" किसनने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा थेटरात असायचा तसाच होता. आणि मला एकदम सुटकेचा रस्ता दिसला. किसन याच्याबरोबर गेला तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरणार होतं. पुन्हा कुणी मला 'कवा निघायचं' विचारणार नव्हतं.

मी म्हणालो, "तो म्हणतोय, सगळं जग हेच माझं घर. उत्तरेला, हिमालयाकडे निघालाय. अंगात थोडा ताप आहे, म्हणून तू गाडी चालवशील का, असं विचारतोय."

"मग रडतोय का?"

"एकटा पडलाय म्हणून."

आणि डॅनीकडे वळून मी हळू आवाजात म्हणालो — येस, येस, बॉम्बे. त्याने माझं मनगट कपाळाला लावलं.

मनाशी मी काय हिशेब केला तेही सांगतो, समर्थन म्हणून नाही. उत्तरेला जायचं तरी खंडाळ्याचा घाट उतरून, ठाण्यावरूनच जावं लागतं. मला वाटलं, तिथवर तर रस्ता एकच आहे. पुढे त्यांचं ते बघतील, मुंबईचं नाव किसनला कळेलच. कळेलच, असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी व्हॅन सुरू झाली. किसनने माझ्यासाठी दोन दिवस थांबायची तयारी दाखवली. मी म्हणालो, तू हो पुढे, मी लग्न आटोपून मोटरसायकलवर येतो. त्याने चावी माझ्या हातात दिली. पार्वती मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं, "भाऊजी, ह्ये परत येतील ना?" मी म्हणालो, येईल की वहिनी, महिन्याभरात.

व्हॅन घाटाच्या दिशेने गेली आणि मी दुपारच्या गाडीने तळेगावला आलो. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं. हेही सांगायला हवं.

किसन कित्येक वर्षं आला नाही. माझं लग्न झालं, रेल्वेत लागलो. मोटरसायकल शेडमध्ये गंजली. पार्वती दिराच्या शेतात लावणीला जायची, मुलगी बांधावर बसवलेली असायची. गाडीच्या दारात उभा असताना कधी पार्वती कामशेतच्या फलाटावर दिसली की मी आत सरकायचो.

मग एका उन्हाळ्यात निरोप आला, किसन परत आलाय. जाणं भाग होतं. वडिवळ्याला त्यांच्या ओट्यावर बसलो. केस पांढरे, गाल आत गेलेले. ओळखू आला तो आवाजावरून. त्याने सांगितलं ते असं.

ठाणं ओलांडून गाडी आग्रा रस्त्याला वळली तेव्हा डॅनी उठून बसला आणि मागे बोट दाखवून बाँबे, बाँबे म्हणायला लागला. "मी म्हनलं, बाँबे गेली मागं, सुटलास तू तिच्यातनं. तवा जो रडाया लागला, तो थांबंच ना. मला वाटलं, ताप चढलाय." दोन-तीन दिवस असेच गेले. ताप वाढला. पार इंदूरच्या पुढे एका धर्मशाळेत उतरले. डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. "माज्या मांडीवर गेला. लेकराचं अंग नुसतं पिवळं. शेवटपर्यंत एकच शबुद, होम, होम. मला वाटलं, कसला होम मागतोय? पुजेतला?"

नंतर पोलिसांनी त्याला बरेच महिने चौकशीत अडकवलं. मेलेल्या परदेशी माणसाची गाडी याच्याकडे कशी? सुटला तेव्हा घरी यायला तोंड नव्हतं. तिकडेच ट्रकवर राहिला. रस्ता खूप पाहिला, म्हणाला. राजस्थानात तर अगदी सिनेमातल्यासारखा, सरळच्या सरळ. "पन त्यात काय न्हाई रं. नुसतं चालवायचं आन थकायचं. त्या पोरान्‌ला काय गावलं आसंल त्यात?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मग तो म्हणाला, "एक इचारायचं हाय. ट्रकवर एक किन्नर व्हता, गाडी धुनारा पोरगा, त्याला थोडं इंग्लिश यायचं. त्यो म्हनला, होम म्हंजी घर. खरं हाय?"

"हो."

"मग मरताना पोरगं घर घर करत व्हतं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "खरं सांग. शेडमदी तुला त्यो काय म्हनला व्हता?"

आता सांगता आलं असतं. त्याने दार उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत जायचं होतं. पार्वती चहा घेऊन उंबऱ्यात आली होती आणि थांबली होती. तीही ऐकत होती.

मी म्हणालो, "तेच म्हणाला. सगळं जग हेच माझं घर."

किसनने पार्वतीला हाताने जवळ बोलावलं. मग चहा घेतला. "मग बरं हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच त्याला भलत्या वाटंला न्हेलं."

त्याला धीर मिळावा म्हणून मी खोटं बोललो, असं म्हणता येईल. मी स्वतःला तसं सांगूनही पाहिलं आहे. ते खरं नाही. मी पार्वतीच्या नजरेला घाबरलो होतो. पहिल्यांदा बोललो तेही भीतीनेच, दुसऱ्यांदाही भीतीनेच. मधली वर्षं त्यात काही फरक पाडू शकली नाहीत.

किसनने पुन्हा गॅरेज उघडलं. सिनेमाला मात्र तो परत कधी आला नाही, मीही बोलावलं नाही. काही वर्षांपूर्वी तो गेला. मी दहाव्याला गेलो होतो. पार्वतीवहिनी सगळ्या नातेवाइकांना सांगत होत्या की यांच्या जिवाभावाचा माणूस म्हणजे हे. मी मान खाली घालून बसलो होतो, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

डॅनीच्या आईचं नाव मला आठवतं. तिच्या गावाचंही. त्याने दोन्ही सावकाश, नीट सांगितली होती, मला लक्षात राहावीत म्हणून. त्या गावी मी कधीही काही कळवलं नाही.