बेंजो पार्टीचा चौथा संच

जव्हारच्या जीप स्टँडवर गाडी भरेपर्यंत वेळ घालवायचा असला की कुणीतरी हमखास विषय काढतो : दाभोशाच्या बेंजो पार्टीचा सगळ्यात चांगला संच कुठला? मग वाद ठरलेला. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट ताडली आहे. ज्याच्या लग्नात जो संच वाजला, त्याला तोच भारी वाटतो. बेंजोचा त्यात काही संबंध नसतो. माणूस तेव्हा तरणाबांड होता, अंगावर नवा शर्ट होता, एवढंच.

माझं मत मात्र ऐकून घ्यायला हवं, कारण चारही संच माझ्याच जीपमधून फिरले. मला स्वतःला काही वाजवता येत नाही. ताटावर चमचा आपटला तरी बायको चूक काढते. पण लग्नसराईत बँडला पोचवायचं, वाजवून होईपर्यंत मांडवाच्या कडेला बसायचं आणि परत आणायचं, असं वीसएक वर्षं केल्यावर माझ्यासारख्या ठोंब्यालाही थोडंफार कळायला लागतं.

पहिला संच पाच जणांचा. ढोल, ताशा, खुळखुळा, बॅटरीवरचा कर्णा सांभाळणारा एक आणि बेंजो. आमच्याकडे बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, आडवं ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. तो वाजवायचा माझा मित्र. आम्ही एका वर्गात शिकलो आणि एकाच वर्षी नापास झालो. बँडमधल्या मुख्य माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून अख्खा गाव त्याला मास्तरच म्हणतो. त्या संचात जोर भयंकर होता, पण दम नव्हता. ताशावाला सुटला की ढोलवाला त्याच्या मागे धावायचा, आणि नाचणारे बिचारे गाणं संपायच्या आत धापा टाकत खाली बसायचे. मास्तर एकटा जागच्या जागी असायचा.

आमचा बँड भांडणाने क्वचितच बदलला. इथे लग्नं आणि वीटभट्ट्या एकाच हंगामात येतात. दिवाळी आटपली की अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे उतरतो. ताशावाला भट्टीवर गेला की ताशा दुसऱ्याच्या गळ्यात. असं करत करत दोन-चार वर्षांत मास्तर सोडून सगळेच नवे झाले.

हा दुसरा संच. यात कॅसिओ आला, आणि ठाण्याहून हिंदी गाणी शिकून आलेला एक गाणाराही आला. या संचाबद्दल मी आजही फार चांगलं बोलू शकत नाही. त्यांना थांबणं माहीतच नव्हतं. आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणत विधी करणारी बाई. ती गाऊ लागली की बँडने गप्प बसायचं, हा रिवाज. मोखाड्याकडच्या एका लग्नात धवलेरीने दोनदा हात वर केला, तरी कॅसिओ आपला चालूच. शेवटी म्हातारी उठली आणि तिने आपली पिशवी सरळ कॅसिओवर ठेवली. चार-पाच बटणं एकदम दाबली गेली आणि असा काही आवाज निघाला की नवरीही हसली. मास्तरने मात्र मान खाली घातली. पुढच्या हंगामात कॅसिओवाला आणि गाणारा दोघेही बँडमध्ये नव्हते.

तिसरा संच मास्तरने स्वतः निवडून बसवला. निवांत, सुरात, एका चालीत. स्टँडवर सगळ्यात जास्त मतं याच संचाला पडतात. मीही बरीच वर्षं याच मताचा होतो. त्यातली खोट मला उशिरा दिसली. सगळे जण मास्तरच्या बोटांकडे बघत वाजवायचे. मास्तर शिंकला असता तर बँड थांबला असता.

आणि तसंच झालं. भात वाहून नेताना ट्रॉलीचा मागचा लोखंडी फाळका सुटून मास्तरच्या डाव्या हातावर पडला. हात वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ झाली. बेंजोची बटणं त्याच हाताने दाबायची असतात. मास्तरने बेंजो कापडात गुंडाळून ठेवला आणि दिवाळीनंतर तो भिवंडीला एका गोदामावर वॉचमन म्हणून गेला. त्यानंतर तो सहा-सात महिने तिकडेच आणि पावसाळ्यात घरी, असं सुरू झालं. म्हणजे लग्नसराईत तो कधीच इथे नसायचा.

इकडे पोरांनी पोशेऱ्याचा एक बेंजोवाला आणला आणि चौथा संच उभा राहिला. पहिल्या लग्नाला मी त्यांना घेऊन गेलो तो नाक मुरडतच. मास्तरची जागा घेणारा हा कोण टिकोजीराव? मांडवाच्या कडेला बसलो आणि अर्ध्या तासात माझी बोलती बंद झाली. ते एकमेकांचं ऐकून वाजवत होते. बेंजो थोडा मागे सरला की ढोल पुढे यायचा, ढोल थकला की ताशा त्याला सावरून घ्यायचा. धवलेरी गायला तोंड उघडणार, त्याच्या आधीच आवाज उतरत उतरत बंद. तिचं गाणं संपलं की तिच्याच सुरावरून बेंजो सुरू. म्हातारी वळून बघायला लागली. खरं सांगायचं तर चारही संचांत हाच सगळ्यात चांगला. स्टँडवर मी हे कधी बोललो नाही, पण आहे हे असं आहे.

पावसाच्या तोंडावर मास्तर घरी आला आणि त्याने मला गाठलं. "बँड कसा वाजला?" त्याने विचारलं. "खरा सांग. बाकी सगळे तोंडावर गोड बोलतील. तू फटकळ हायस, तू खराच सांगशील."

त्याने डावा हात टॉवेलाखाली लपवला होता. मी त्या टॉवेलाकडे बघितलं आणि म्हणालो, "तुझ्याबिगर काय मजा नाय रं."

त्याच्या चेहऱ्यावर आलेला दिलासा मला दिसला आणि मी पुढे रेटलं. नवा बेंजोवाला तारा ओरबाडतो म्हणालो. ढोल भरकटतो म्हणालो. दुसऱ्या वर्षी त्याने विचारलं, मी पुन्हा तेच, जरा मीठमसाला लावून. तिसऱ्या वर्षी तर धवलेरीने वैतागून बँडला हाकललं, असंही ठोकून दिलं. मला वाटायचं, आपण मित्राला आधार देतोय. बँडची पोरं मास्तरला कधी भेटली तर ती अदबीने म्हणायची, "तुमच्यासारखा नाय जमत, दादा." त्यामुळे माझ्या थापांवर शिक्का बसायचा. त्याचा फोनही साधा बटणांचा, त्यावर व्हिडिओ यायचा प्रश्न नव्हता.

गेल्या दिवाळीआधी मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मास्तर माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. गुंडाळलेला बेंजो मांडीवर होता.

"यंदा येत नाय, गोदामाला सांगला," तो म्हणाला. "पावसाळाभर तीन बोटांवर बसवतोय. पयल्यासारखा नाय, पण वाजतो. चल पोशेऱ्याला. पोरा तिथं तालमीला जमलीत. बँड बुडताना मी बघत नाय बसणार."

हंगामाची नोकरी सोडून हा माणूस बँड वाचवायला निघाला होता, आणि बँडला वाचवण्यासारखं काही झालंच नव्हतं. आता पोरांसमोर त्याची शोभा होणार आणि ती माझ्यामुळे. मोखाड्यापासून पोशेऱ्यापर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. एकदा टायरबद्दल बोललो, एकदा नागलीच्या पिकाबद्दल, आणि एकदा नुसताच खोकलो.

आंब्याखाली पोरं वाजवत होती. मास्तरला बघताच थांबली, उठली, पाया पडली. त्याने बेंजो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आधी तुमचा होऊ द्या. मी आयकतो."

ती वाजवू लागली. मी जीपला टेकून उभा होतो. मला बँडकडे बघायचं नव्हतं, मास्तरकडे बघवत नव्हतं. तरी बघितलं. पहिल्यांदा त्याच्या कपाळावर आठी होती, चूक शोधणाऱ्या माणसाची असते तशी. मग ती गेली. मग त्याचा उजवा पाय हलायला लागला. गाणं संपलं तेव्हा तो म्हणाला, "आणखी एक." असं करत त्याने पाच-सहा गाणी ऐकली. मध्येच एकदा ताशावाल्याला म्हणाला, "वादी थोडी ढिली कर," त्याने ती चामड्याची दोरी सैल केली आणि ताशा खरंच आणखी गोड वाजला. पोशेऱ्याच्या बेंजोवाल्याने आपल्या जागेवरून उठून हात जोडले. "दादा, आता तुम्ही बसा."

"नको," मास्तर म्हणाला. "तू बस. चांगला बसलायस." त्याने पोराच्या पाठीवर ताठ बोटांचा तो हात ठेवला. या तीन वर्षांत तो हात चारचौघांत उघडा असलेला मी पहिल्यांदा बघितला.

परतताना तो गुंडाळलेला बेंजो पुन्हा मांडीवर घेऊन बसला. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच शेवटी म्हणालो, "माझी चूक झाली. गोदामवाल्याला मी फोन करतो, जागा अजून असंल."

"नोकरीचा काय, दुसरी मिळल," तो म्हणाला. बाहेर कापलेली भातशेतं होती, तो तिकडे बघत होता. मला वाटलं, विषय संपला.

मग तो म्हणाला, "मी गोदामाच्या गेटावर बसून रोज इचार करायचो. हात गेला तो गेला, पण आपला बँड पन मेला. तीन वर्सा मी त्याचा सुतक धरला रं. आन् तो इकडं इतका गोड वाजत होता. मला खुशीत ऱ्हायचा होता, तू ऱ्हाऊ नाय दिलास."