त्या खोलीत बोललेलं

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी न्यू जर्सीत मुलांची डॉक्टर होते. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एखादं मूल अचानक दगावलं की पोलीस, समाजसेविका, सरकारी वकील आणि डॉक्टर एकत्र बसून ते वाचू शकलं असतं का हे तपासत. अशी समिती तेव्हा नवीनच निघाली होती. त्यात मला बोलावलं.

अध्यक्ष होत्या शवविच्छेदन करणाऱ्या एक वयस्क डॉक्टर, काउंटीच्या मेडिकल एग्झॅमिनर. पहिल्याच बैठकीत त्यांनी स्वतः उठून दार लावलं. म्हणाल्या, "इथले कागद इथेच राहतील. इथलं बोलणं कोर्टात जाणार नाही, पेपरात जाणार नाही, तुमच्या घरीसुद्धा जाणार नाही."

मला वाटलं, झालं, आता सगळे मिळून झाकपाक करणार. नागपूरला शिकताना मी असल्या बैठका पाहिल्या होत्या. प्रत्येक जण आपली बाजू सावरायचा.

मग एक धिप्पाड पोलीस अधिकारी म्हणाला, "आधी माझं काय चुकलं ते सांगतो." आणि त्याने सांगितलं. काय सांगितलं ते मी आजही लिहिणार नाही. त्याच्यानंतर समाजसेविका बोलली, मग एक डॉक्टर. कुणी बोट दाखवलं नाही. पुढच्या वेळी काय बदलायचं एवढंच ठरलं. बाहेर आल्यावर मी गाडीत नुसती बसून राहिले. दार बंद करून माणसं इतकं खरं बोलू शकतात, हे मला माहीतच नव्हतं.

काही महिन्यांनी आमच्याच ओळखीतल्या मराठी कुटुंबातलं तान्हं बाळ झोपेत गेलं. (ओळख पटेल असं काही मी इथे ठेवलेलं नाही.) ती केस समितीपुढे येणार कळताच मी अध्यक्षांना सांगितलं, "मी यांना ओळखते." त्यांनी मला त्या बैठकीतून वगळलं. म्हणाल्या, "आणि तुम्ही समितीवर आहात, म्हणून बाहेर तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त गप्प राहावं लागेल."

ते किती अवघड असतं, ते पार्सिपनी गावात एका घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेले तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात एका काकूंनी मला गाठलं. "भारतातून आलेली बाळगुटी दिली होती म्हणे तिने. त्यानेच झालं ना गं? तू डॉक्टर, तुला माहीत असेल."

"काकू, मला यातलं काही बोलता येणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहेच!"

माझ्या गप्प बसण्यानेच ती बिचारी आई दोषी ठरत होती. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना फोन केला. "लोक नाही नाही ते बोलताहेत. काहीच करता येणार नाही का?"

"तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "पण तपासण्या पूर्ण झाल्या की शवविच्छेदनात काय निघालं ते कळण्याचा आईवडिलांना हक्क आहे. ते मी त्यांना सांगणारच आहे. पुढे कुणाला सांगायचं ते त्यांनी ठरवावं."

संक्रांतीला एका घरच्या हळदीकुंकवाला ती आई आली. येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बेसमेंटमध्ये जमलेल्या बायकांनी तिला वाट करून दिली. काकूंचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं; ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"काकू, मेडिकल एग्झॅमिनरबाई अख्खी दुपार आमच्याजवळ बसल्या. माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. गुटीने काही झालं नाही. माझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं." मग म्हणाली, "पण चुकलं असतं ना, तरी मी आज आलेच असते. कुठे जाणार मी?"

काकूंनी कुंकवाची कोयरी पुढे ओढली. त्यांनी तिला कुंकू लावलं, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडायलाच लागल्या. "माझं चुकलं गं पोरी," एवढंच म्हणाल्या, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

निघताना तिने मला कोटांच्या ढिगाजवळ थांबवलं. "ताई, तुम्ही त्या समितीवर असता ना?"

मी ढिगातून तिचा कोट काढून तिच्या हातात दिला.

"नका सांगू," ती म्हणाली. "तुम्ही सांगत नाही, तेच बरं आहे. माझ्या बाळाबद्दल बोलणारे खूप होते." आणि थंडीत मफलर गुंडाळून ती नवऱ्याच्या गाडीकडे चालत गेली. मी दारातच उभी राहिले. आत कुणीतरी मला चहाला हाका मारत होतं.