काळे हुशार, पांढरे ढ

आमच्या लॅबमध्ये उंदरांच्या खोलीत बोलायला बंदी आहे. आवाजाने उंदीर बिचकतात. त्यामुळे दिवसभराचं सगळं बोलणं मनात साठतं आणि कॅन्टीनला गेल्यावर एकदम बाहेर पडतं. तिथे ते किस्सा होऊनच येतं. त्यात आमच्या साळवे मॅडम कुणावरच विश्वास ठेवत नाहीत, म्हणजे किश्शांना तोटा नाही.

आधी कामाचं सांगते. पेटीच्या भिंतीला दोन भोकं. ज्या भोकावर दिवा लागेल तिथे उंदराने नाक घालायचं, की साखरपाण्याचा थेंब मिळतो. बक्षिसासाठी कोण किती लवकर शिकतो आणि त्यात वंशाचा हात किती, हे बघायचं. एक वंश काळ्या उंदरांचा, एक पांढऱ्या. काळे निखिलकडे, पांढरे माझ्याकडे. आमच्या वर मॅडम.

पहिला ग्राफ अगदी सुंदर आला. काळ्यांची रेघ भराभर वर, पांढऱ्यांची आडवी. मी आनंदाने मॅडमना दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"इतकं सरळ कोण वागतं? माणसं नाही वागत, हे तर उंदीर आहेत."

* * *

सुरुवातीला आम्ही साखरपाण्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क द्यायचो. ते फार लवकर संपायला लागलं. मॅडमनी निखिलला विचारलं, मला विचारलं, शेवटी डबा स्वतःच्या केबिनमधल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवला. तरी संपतच होतं.

एकदा सही घ्यायला मी केबिनमध्ये गेले, तर मॅडमच्या तोंडात चमचा. मग त्यांनी शांतपणे चमचा धुतला.

"सप्लायरवर माझा विश्वास नाही. मी चव तपासते. तुम्ही खाता. फरक आहे."

पुढच्या आठवड्यापासून साखरपाणी सुरू झालं.

* * *

संशयाची ही लागण माझ्या घरापर्यंत आली. आमची सोसायटी करावे गावाच्या बाजूला आहे. तळमजल्यावर कुणाला तरी उंदीर दिसला, आणि संध्याकाळी सेक्रेटरी आमच्या दारात हजर.

"तुम्ही त्या उंदरांच्या ऑफिसात ना? नाही, सहज विचारतोय. एखादा बॅगेतून वगैरे..."

मी म्हटलं, "काका, आमचा एकेक उंदीर नंबर लावलेला असतो. आणि माझे सगळे पांढरे आहेत. तुम्हाला दिसला तो काळपट."

"काळे पण असतात ना? तुमची आई म्हणाली."

मी मागे वळून बघितलं. आई किचनमध्ये उगाचच भांडी लावत होती.

* * *

पांढरे काही शिकेनात. कधी बरोबर भोकात नाक, कधी चुकीच्या. मॅडमना वाटलं, त्यांना कुणीतरी चोरून पाणी पाजतंय. तहानच नसेल तर बक्षिसासाठी धडपडेल कोण? आणि उंदरांचं खाणंपिणं बघायचे भगतमामा. दिवाळे गावचे कोळी. घरची होडी भावाकडे, मामा इथे नोकरीला. मॅडमनी त्यांना बोलावून सरळ विचारलं.

मामा म्हणाले, "मॅडम, माजी बायको मला घरान एक बोंबील जास्त देत नाय. मी उंदरांना कशाला देव?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामांची बदली खाली, पिंजरे धुवायच्या खोलीत. तेव्हापासून मामांनी आमच्याबरोबर चहा घेणं बंद केलं. कपात ओतलेला चहा तसाच ठेवून उठायचे. ते मात्र मला फार लागलं.

पांढरे होते तसेच राहिले.

* * *

मग संशय आमच्यावर. निखिल काळ्यांचे लाड करतो की मी पांढऱ्यांना नीट शिकवत नाही? मॅडमनी आमच्या उंदरांची अदलाबदल केली. काळे माझ्याकडे आले आणि माझ्याकडेही भराभर शिकले. पांढऱ्यांनी निखिललाही दाद दिली नाही.

कॅन्टीनमध्ये निखिल माझ्यासमोर येऊन बसला.

"म्हणजे तुला इतके दिवस माझ्यावर डाउट होता."

"मला नाही, मॅडमना."

"त्यांनी तुला विचारलं असेल ना? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, बघायला काय हरकत आहे."

त्याने माझ्या प्लेटमधला वडा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. तेव्हापासून आम्ही फक्त कामापुरतं बोलायचो.

* * *

शेवटी मॅडमनी पांढऱ्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं, 'शिकण्यात मंद.' आता हे छापायला जाणार, इतक्यात लाइट गेली. लगेच आली, पण त्या झटक्यात पेट्यांमधले छोटे दिवे उडाले. बाकी मशीन चालू, त्यामुळे आमच्या लक्षातच आलं नाही.

त्या दुपारी काळे पार गोंधळले. प्रश्नपत्रिका न मिळालेल्या पोरांसारखे पेटीत बसून राहिले. मग उगाच कधी या भोकात नाक, कधी त्या. निखिल धावत केबिनमध्ये गेला.

"मॅडम, काळे पण ढ झाले."

मॅडम आल्या. दिवे बंद आहेत हे त्यांनी लगेच पकडलं. वायरमनला बोलवू का म्हणून मी विचारलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या पांढऱ्यांचे आकडे बघत होत्या. कालचे आणि आजचे. दोन्ही सारखे.

"दिवा गेला, तर यांना काहीच फरक पडला नाही?"

डोळे तपासायला डॉक्टर बोलावले. पांढऱ्यांच्या त्या वंशात जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत डोळ्यांचा पडदा मरतो. आईबापांकडूनच येतं. दिवा त्यांना कधी दिसलाच नव्हता.

हे आम्हाला आधी माहीत असायला हवं होतं. हे पांढरे दुसऱ्या एका लॅबकडे जास्तीचे होते. त्यांनी हसत हसत देऊन टाकले, आणि आम्ही काहीच विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आयुष्यात एकदाच कुणावर विश्वास ठेवला."

दिव्याच्या जागी आम्ही आवाज लावला. ज्या बाजूने टिकटिक, त्या भोकात थेंब. पांढरे शिकले. काळ्यांपेक्षा जरा हळू, पण शिकले.

* * *

मॅडम खाली धुण्याच्या खोलीत गेल्या. आम्ही जिन्यात उभे होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मामा, चुकलं माझं. उद्यापासून वर या."

मामांनी नळ बंद केला. "कशाला? परत डाउट यायला?"

"नाही येणार."

"आता बोलताय. पन लेखी द्या."

मॅडमनी लेखी दिलं. मामांनी ते लॅमिनेट करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते वर आले, आणि कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर चहा प्याले. एक जास्तीचा कटिंग मागवून त्यांनी तो पलीकडच्या टेबलावर नेऊन निखिलसमोर ठेवला, कारण निखिल अजून तिथेच बसत होता.

* * *

त्यानंतर मॅडमचे वडील मुंबईला आले. नांदेडकडचं गाव त्यांचं, आयुष्य एसटीत कंडक्टरकीत गेलेलं. लेक नक्की काय काम करते ते डोळ्यांनी बघायचं म्हणाले. गेटपासून त्यांच्या शंका सुरू. ही बिल्डिंग सरकारी का? ओळखपत्र परत देतील ना? ही पोरं पगारी आहेत का? निखिल माझ्या कानात म्हणाला, "मॅडम कुणावर गेल्यात ते कळलं." आमचा अबोला तिथे सुटला.

खोलीत शिरताना मॅडमनी त्यांना गप्प राहायला सांगितलं. ते राहिले. पेटीत पांढरा उंदीर होता. उजवीकडे टिकटिक झाली. उंदीर थांबला, वळला, नाक घातलं, थेंब चाटला.

बाबांनी अगदी हळू विचारलं, "ह्यालाच तू फोनवर ढ म्हनत होतीस ना?"

"हो. पण ढ नव्हता, बाबा. त्याला दिसत नाही."

बाबा पेटीजवळ वाकले.

"आमाला गुरुजी दाराबाहेर बसवायचे. तिथून फळा दिसायचा नाही. गुरुजी म्हनायचे, तुमच्या लोकांत शिकायचं डोकं नसतंच." मग म्हणाले, "मला बी तसंच वाटायचं."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

बाबांनी काचेवर बोट टेकवलं. "त्याला अजून एक थेंब दे."

नाक न घालता थेंब द्यायचा नाही, हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. एकदा निखिलचा हात चुकून थेंब सोडायच्या बटणाला लागला, तर आख्ख्या दिवसाचं काम मॅडमनी परत करायला लावलं होतं.

मॅडम पुढे झाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. उंदीर चाटत होता. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आजचा हा उंदीर मोजू नका."