दहा वेळा म्हणा

सौदीत अल-खोबरला आल्यावर दोन वर्षं मी घरात बसून काढली. मग नवऱ्याच्या ओळखीनं एका कंत्राटदाराच्या यार्डात इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. विद्यार्थी सहा, सगळे चिनी तंत्रज्ञ, वयानं माझ्याहून मोठे. पंपांवर त्यांच्यासोबत आपले कोकणातले फिटर असत. एकमेकांची भाषा कुणालाच येत नसे. काही विपरीत घडायला लागलं तर त्यांना इंग्रजीत वेळेवर ओरडता यावं, एवढ्यासाठीच मला नेमलं होतं.

त्यांची एक खोड मला फार छळायची. मशीन बंद करा म्हणायला ते ‘क्लोज द मशीन’ म्हणत. दिवाही क्लोज, पंखाही क्लोज. चिनीत म्हणे दाराला आणि दिव्याला एकच क्रियापद चालतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दार बंद, दिवा बंद. शाळेत मीही असंच बोलायचे. आमच्या बाईंनी उभं करून बरोबर वाक्य दहा वेळा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे माझी जीभ वळली. तीच शिक्षा मी इथे सुरू केली. ‘टर्न ऑफ द मशीन’, ताठ उभं राहून, दहा वेळा. पन्नाशीचा माणूस कान लाल होईपर्यंत म्हणायचा आणि बाकीचे बोटांवर मोजायचे. मला त्यात गैर वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

त्या दिवशी वर्ग पंपशेडमध्ये होता. पंप चालू, माझ्या पाठीशी तो बंद करायच्या लाल बटणाची पेटी, समोर बाकावर सहा जण. राजापूरकडचा एक फिटर मागे कधी आला ते मला कळलं नाही. पट्टा का करकरतोय हे बघायला त्यानं पट्ट्यावरची जाळी काढली आणि चालू पंपावरच वाकला. त्याच्या बाहीचं बटण तुटलेलं होतं.

बाकावरच्या सर्वांत थोरल्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. तो अर्धवट उठला. “क्लो...” म्हणाला.

मी नेहमीसारखं बोट वर केलं. चूक.

तो गप्प झाला. ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता. मी भुवया चढवून वाट बघत राहिले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मला दिसत होता. मला वाटलं, शिक्षेला घाबरला. मग त्यानं मला बाजूला ढकललं आणि लाल बटणावर तळहात मारला. मला असा राग आला की खडसवायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून कापड फाटल्याचा आवाज आला.

फिटरची बाही कोपरापर्यंत फाटून पट्ट्याखाली गेली होती. मी धावले.

“काय नाय झाला, बाई,” तो म्हणाला. “बाही गेली फक्त. हात हाय.” एकेक करून त्यानं पाचही बोटं हलवून दाखवली.

मला रडू आवरेना. आभार मानायला वळले, तर तो थोरला बाकाजवळ ताठ उभा होता.

“टर्न ऑफ द मशीन,” तो म्हणाला. “टर्न ऑफ द मशीन.”

शेजारचा सवयीनं बोटांवर मोजू लागला. मी थांबवायला हवं होतं. मी डोळे पुसत राहिले. दहा झाल्यावर थोरल्यानं माझ्याकडे बघितलं आणि खुणेनं विचारलं, बसू का?