सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी

अगं भाचीबाई, अशी जवळ सरक. दोन वर्षांनी मावशी आठवली, शोभतं का? सकाळी गोधड्या उन्हात टाकल्या, त्या वासानं जुनं आठवलं. पालीतल्या दोन खोल्या गडावर येणाऱ्या पाव्हण्यांना द्यायला काढल्या, तवा मोबाईलवर बुकिंग घेणारा साहेब बघायला आला. नवे टावेल बघून खूश झाला, पण गोधडी दोन बोटांनी उचलून म्हणाला, “आजी, ह्या चिंध्या काढा. पांढऱ्या चादरी घाला, न्हाईतर मोबाईलच्या यादीतनं तुमचं नाव काढतो.” म्या म्हटलं, “सासूबाईंच्या लुगड्यांची हाय ती. जावई आला की हीच देतो आमी. तुमचा पाव्हणा जावयापरीस मोठा लागून गेला व्हय?” त्यानं नाव काढलं. तो सबंध हिवाळा खोल्या रिकाम्या गेल्या, पण म्या पांढरी चादर आणली न्हाई, आन् आजबी आणत न्हाई. आता पुढल्या खेपेला लेकरांना घेऊन लवकर ये. तीच गोधडी ऊन देऊन ठेवते.