नदीवर चिकटवलेल्या टिकल्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी अजून माफ केलेलं नाही. त्या जाऊन किती वर्षं झाली, तरी नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

महायुद्ध संपलं आणि नगरच्या कँपातले गोरे साहेब एकेक करून विलायतेला निघाले. आमचे हे तिथं कारकून. एका साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, म्हटलं मलाही न्या. लोक खुर्च्यांवर नि कपबश्यांवर तुटून पडलेले. भिंतीला टेकवलेल्या एका चित्राकडं मात्र कुणी बघेना. फ्रान्सच्या कुणा चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत. जवळून बघावं तर नुसते रंगाचे फटकारे. चार पावलं मागं सरकलं की नदी, पहाटेचं धुकं, काठाला झाडं. अहो, माझ्या माहेरची, नेवाशाची प्रवराच ती! मडमेनं ह्यांना सांगितलं, कागद चिंध्यांच्या लगद्याचा आहे, पिवळा पडायचा नाही. रंग नातवंडांपर्यंत टिकतील, फक्त उन्हात टांगू नका. आणि ह्यांनी, कधी नव्हे ते, माझ्यासाठी बोली लावली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "ना देव, ना माणूस. कशाला आणलंय हे?"

जाऊबाईंनी चित्राला नाक लावलं. "अगं, हे तर पुसलेलं! साहेबानं फसवलं तुम्हाला."

"जरा मागं सरका, मग दिसेल."

"मी का सरकू? तुझ्या चित्राला सांग सरकायला."

घरातल्या सगळ्या खो खो हसल्या.

देवांच्या तसबिरी सजवण्यात जाऊबाईंचा हातखंडा. लक्ष्मीच्या लुगड्याला जरीची किनार लावायच्या, मुकुटाला टिकल्या, गल्लीभर नाव. मी माहेरी गेले होते, ती परतले नेमकी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. माजघरात बायका जमलेल्या, आणि माझ्या नदीवर चंदेरी टिकल्या! काच काढून, खळ लावून चिकटवलेल्या.

"बोडकं दिसत होतं," जाऊबाई म्हणाल्या. "आता कसं घरातलं वाटतंय!"

सवाष्णींच्या देखत, माझ्या नदीला हा शब्द! मी पाण्याचा तांब्या घेतला, पदराचं टोक भिजवलं आणि तिथंच बसून एकेक टिकली सोडवू लागले.

"माझ्या हातचं खरवडतेस? सणाच्या दिवशी?"

"तुम्ही माझं माहेर झाकलंत, जाऊबाई. मी ते उघडं करतेय."

"ऊठ तिथून!" सासूबाई कडाडल्या. उठले नाही. बायका वाण घेऊन सटकल्या.

मडम खोटं बोलली नव्हती. कागद फाटला नाही, रंग ओघळला नाही. पण खळीचे बारीक गोल डाग पाण्यावर राहिले ते राहिलेच. मी ते बोटानं चाचपत होते, तर जाऊबाई दारातून म्हणाल्या, "डाग दिसतात का गं? जरा मागं सरक की!"

चित्र आता माझ्या खाटेसमोर आहे. खाट मी मुद्दाम जवळ ओढून घेतली आहे.